सौम्य हॅन्ड सॅनिटायझर कसा निवडावा? आणि दर वेळी तो लागतोच का?

अबोली

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागची हकिगत सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या बाबांची केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी एक सायकल, आत्ता तिसरी झाली. पहिल्या सायकलनंतर घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आता यांच्या पांढऱ्या पेशी खाली जातील. कोणीही असो, हात स्वच्छ केल्याशिवाय यांच्याजवळ जायचं नाही." ते वाक्य मी इतकं घट्ट धरून ठेवलं की घरात चार ठिकाणी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. बाबांच्या पलंगाशी एक, दाराशी एक, स्वयंपाकघरात एक आणि माझ्या पर्समध्ये एक. परवा एक दिवस मुद्दाम मोजलं. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात ४२ वेळा सॅनिटायझर आणि १७ वेळा साबण. बऱ्याचदा दोन्ही लागोपाठ. आधी साबणाने धुवायचे आणि मग मनाच्या खात्रीसाठी वरून सॅनिटायझर.

आता बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्यात, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कातडी फाटून रक्त येतं. सॅनिटायझर लावला की इतकं चरचरतं की डोळ्यांत पाणी उभं राहतं. तीन प्रकार वापरून झाले. पहिला सुवासिक जेल. त्याच्या वासानेच बाबांना मळमळायला लागलं, केमोनंतर त्यांना कुठलाच वास सोसत नाही. दुसरा 'अल्कोहोल-फ्री' फेस. तो मुळीच चरचरला नाही म्हणून आवडला, पण मग त्याने जंतू मरतात तरी का, ही शंका मन खात राहिली. तिसरा 'नैसर्गिक' म्हणवणारा. बाटलीवर पानाफुलांची चित्रं भरपूर, पण आत अल्कोहोल किती टक्के ते कुठेच लिहिलेलं नाही.

काल संध्याकाळी उठून बसायला आधार हवा म्हणून बाबांनी हात पुढे केला आणि मी सवयीने आधी बाटलीकडे वळले. लावताना माझा चेहरा कसनुसा झाला असणार. ते म्हणाले, "माझा हात धरायचा तर तुला आधी एवढं दुखवून घ्यावं लागतं?" मला काही बोलताच आलं नाही.

तर, हाताला सोसेल आणि तरीही भरवशाचा असेल असा सॅनिटायझर ओळखायचा कसा? आणि यातलं किती खरंच गरजेचं आहे, किती माझ्या भीतीपोटी चाललंय? कुणी रुग्णाची शुश्रूषा केलेलं असेल तर कृपया लिहा.

ऋतुरंग

बाबांना लवकर बरं वाटो. आम्ही घरीच करतो. ७० टक्क्यांचं सर्जिकल स्पिरिट दोन भाग आणि कोरफडीचा जेल एक भाग, नीट हलवून बाटलीत भरायचं. हात मऊ राहतात, चरचरतही नाही. करून बघ.

प्रयोगवही

ऋतुरंग, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे मिश्रण अबोलीताईंनी वापरू नये असं मी अगदी कळकळीने सांगतो. मी औषधनिर्मितीतल्या गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत १८ वर्षं काम करतोय, म्हणून आधी हिशेब मांडतो. ७० टक्क्यांचं दोन भाग आणि शून्य टक्क्यांचं एक भाग एकत्र केलं की राहतात सुमारे ४७ टक्के. हातासाठी किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं. तुमचं मिश्रण चरचरत नाही कारण त्याचा जोर निघून गेलेला आहे. निरोगी माणसाच्या घरी हे खपून जातं. यांच्या घरी पांढऱ्या पेशी उतरलेला रुग्ण आहे.

मग शुद्ध अल्कोहोलच का लावू नये, असंही लोक विचारतात. तेही चालत नाही. अल्कोहोल जंतूंच्या प्रथिनांची घडी मोडतं, आणि त्या कामाला पाणी लागतं. अगदी निर्जळ अल्कोहोल लवकर उडून जातं आणि जंतूच्या आत पुरेसं पोचत नाही. म्हणून ६० ते ९५ टक्के हा कामाचा पट्टा धरतात.

आता निवडीचं. बाटलीचा पुढचा भाग पाहूच नका, मागची बारीक अक्षरं वाचा. इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्याचा स्पष्ट आकडा, हे पहिलं. आकडा नसेल तर ती बाटली घरात आणू नका, पानाफुलं कितीही असोत. दुसरं ग्लिसरीन. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयांना स्वतः तयार करता यावा म्हणून हॅन्ड रबचं, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाचं, जे सूत्र दिलंय, त्यात इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५ टक्के आणि हायड्रोजन पेरॉक्साईड ०.१२५ टक्के आहे. बाकी पाणी. रंग नाही, वास नाही. त्यातलं पेरॉक्साईड हातांवरच्या जंतूंसाठी नसतंच, मिश्रणातच जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं कवचातलं, चिवट रूप) शिरलेले असतील तर ते मारण्यासाठी असतं. हातांची काळजी घेतं ते ग्लिसरीन. त्यामुळे 'सौम्य' शब्दाच्या मागे धावू नका. अल्कोहोलचा आकडा पुरेसा, ग्लिसरीनसारखं ओलावा धरणारं काहीतरी, आणि घटकांची यादी जितकी आखूड तितकी बरी.

अल्कोहोल-फ्री फेसात बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराईड असतं. ते काही जंतू मारतं, पण त्याचा आवाका अल्कोहोलपेक्षा कमी आहे. शिवाय अल्कोहोल उडून जातं, हे कातडीवर मागे राहतं आणि वारंवार लावल्यास स्वतःच दाह करू शकतं. तुमच्या घरासाठी मी ते घेणार नाही.

एक राहिलंच. बाटली ओळखीच्या औषधदुकानातूनच घ्या. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला एकामागून एक सॅनिटायझर बाजारातून काढून घ्यायला सांगावं लागलं होतं, कारण त्यांत मिथेनॉल सापडलं. ते विषारी असतं, आणि वासावरून फरक कळत नाही.

जुनी सिस्टर

अबोली बाळा, तुझं लिहिलेलं वाचलं आणि माझे स्वतःचे हात आठवले. मी १९८१ साली ट्रेनिंगला लागले आणि ३७ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा कॅन्सरच्या रुग्णांबरोबर. तुला घरी सोडताना ज्या सिस्टरनी बजावलं त्यांचं बरोबर आहे. फक्त 'कधी' आणि 'कसं' हे सांगायला त्यांना वेळ मिळाला नसावा. ते मी सांगते.

आधी हे समजून घे की हे हॅन्ड रब आलं कशासाठी. आमच्या सुरुवातीच्या काळात चाळीस खाटांच्या वॉर्डाला टोकाला एक बेसिन असायचं. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी तिथवर जाऊन हात धुवायचे ठरवले, तर इंजेक्शनं द्यायची कधी? मग हात धुणं राहून जायचं. आळस नव्हता तो, वेळच नसायचा. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी खाटेखाटेशी अल्कोहोलची बाटली ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कर्मचाऱ्यांचं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण १९९४ मधल्या ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेलं, आणि रुग्णालयात लागणारे संसर्ग उतरले. पुढे आम्हाला हे शिकवलं गेलं तेव्हा मी आधी मानलंच नव्हतं. पाणी न लावता हात स्वच्छ कसे होतील, असं वाटायचं. सहा महिन्यांनी माझ्याच हातांच्या भेगा भरल्या आणि मग मानलं.

हो, भरल्या. हे तुला उलटं वाटेल. पण वारंवार साबणाने धुण्यापेक्षा ग्लिसरीन घातलेलं अल्कोहोल कातडीला कमी कोरडं करतं. आपल्या कातडीच्या वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. साबण-पाणी तो गिलावा वाहून नेतं. अल्कोहोल त्याला हलवतं, पण पाण्याबरोबर गटारात घालवत नाही. तुला सॅनिटायझर चरचरतो, कारण कातडी आधीच फाटलेली आहे. फाडण्याचं काम बहुतेक त्या १७ वेळच्या साबणाने केलंय, आणि त्याहून जास्त त्या लागोपाठच्या जोडीने. साबणाने धुतल्यावर लगेच सॅनिटायझर लावायचं बंद कर. आजपासूनच. एक पुरे असतं. ओल्या हातावर लावलं तर ते पातळ होतं, आणि नुकत्या धुतलेल्या कातडीला जास्त झोंबतं. म्हणजे दुखणं दुप्पट आणि फायदा उलट कमीच.

आता कधी काय. हात दिसायला मळलेले, तेलकट असतील तर साबण-पाणीच, कारण त्या थराखाली अल्कोहोल पोचत नाही. संडासहून आल्यावर साबण. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तर साबण, कारण नोरोव्हायरससारख्या जंतूंवर आणि क्लॉस्ट्रिडियम या जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल नीट चालत नाही. तिथे हातांवरून ते धुऊन जाणंच महत्त्वाचं.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेव, ही घरच्या माणसांना फारसं कुणी सांगत नाही. केमो झाल्यावर निदान ४८ तास औषधाचा अंश बाबांच्या लघवीतून, संडासातून, उलटीतून बाहेर पडत असतो. तो जंतू नाही, रसायन आहे. सॅनिटायझर त्याला मारू शकत नाही, फक्त हातभर पसरवतो. युरिन पॉट, उलटीचं भांडं, भिजलेली चादर उचलताना हातमोजे घाल, आणि हातमोजे काढल्यावर साबण-पाण्याने धू. तुझ्या तर हातांना भेगा आहेत, म्हणून जास्तच जप.

सॅनिटायझरची जागा कुठे? बाबांना हात लावण्याआधी. त्यांची औषधं काढून देण्याआधी. लाईन किंवा पोर्ट (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिथे जाण्याआधी तुम्हाला रुग्णालयात जसं शिकवलंय अगदी तसंच, त्यात माझं ऐकून काही बदलू नकोस. बाहेरून आल्यावर बेसिन लांब असेल तेव्हा. मोबाईल हाताळून परत त्यांच्याकडे वळताना. बस. तू त्यांच्याशेजारी बसून पेपर वाचून दाखवतेयस, त्यांचा हात तुझ्या हातात आहे, मधे कशाला शिवली नाहीस, तर दर दहा मिनिटांनी बाटली दाबायचं काही कारण नाही. आणि दुसऱ्या खोलीत एकटी काम करताना तर मुळीच नाही. माझ्या अंदाजाने तुझे ४२ पंधरा-सोळावर येतील, आणि बाबा आहेत तितकेच सुरक्षित राहतील.

उलट जास्त सुरक्षित. फाटलेल्या कातडीवर नको ते जंतू जास्त टिकतात आणि ते धुऊन काढणंही अवघड जातं. तुझे हात बरे होणं हा त्यांच्याच उपचाराचा भाग धर.

लावायची पद्धतही बघ. तळहाताच्या खोलगट भागात मावेल इतकं घ्यायचं, थेंबभर नाही. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, आणि शेवटी बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर. वीस ते तीस सेकंद, हात आपोआप सुकेपर्यंत. फुंकर घालायची नाही, पुसायचं नाही. अंगठी काढून ठेव, तिच्याखाली साबण अडकून बसतो आणि नेमकी तिथेच कातडी जाते.

साबणाने धुताना पाणी गरम नको, कोमट किंवा साधं. टॉवेलने घासू नकोस, टिपून घे, आणि थोडं दमट असतानाच बिनवासाचं क्रीम लाव. रात्री पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर आणि वर सुती हातमोजे. पहिले आठ दिवस कंटाळा येईल, पण सोडू नकोस. दिवसा खोल भेगांवर छोटी पट्टी लावली तरी चालेल, ओली झाली की बदलायची.

ताप ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात फोन करायचा, हे तुला सांगितलं असेलच. तरी लिहिते.

चैत्रपालवी

जुन्या सिस्टरनी सांगितलेलं सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, अबोली. मी हे दीड वर्ष टाळलं, म्हणून लिहितेय.

मला वाटायचं अल्कोहोलच सोसत नाही. बाटल्या बदलत राहिले. पण माझ्या हातांना भेगांपेक्षा खाज जास्त होती, बोटांच्या कडांना बारीक पाणीदार फोड यायचे आणि हळूहळू ते मनगटापर्यंत सरकले. शेवटी पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवून दोन दिवस ठेवतात आणि मग दोनदा तपासतात. अल्कोहोलचा काही संबंध नव्हता. निघाली ती सुगंधाची आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या परिरक्षकाची (माल खराब होऊ नये म्हणून घालतात त्या रसायनाची) अ‍ॅलर्जी. ते हात धुवायच्या लिक्विड साबणात होतं, ओल्या वाइप्समध्ये होतं, भांड्यांच्या लिक्विडमध्येही होतं. २०१३ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने याच पदार्थाला त्या वर्षाचा अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर केलं होतं, इतक्या लोकांना त्याचा त्रास होत होता. मी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ तोच साबण वापरून सॅनिटायझरला दोष देत होते.

आणखी एक शिकले. 'वास नसलेला' लिहिलं म्हणजे सुगंधी द्रव्य नाहीच असं नसतं. कधीकधी मूळ वास झाकायलाही सुगंध घालतात. लेबलवर 'सुगंधविरहित' हवं, आणि तरी यादी वाचायचीच. तुझ्या बाबांना वास सोसत नाही, म्हणजे तुम्हा दोघांनाही तेच लागेल.

अबोली

आज पंचवीस दिवसांनी लिहितेय. मधे चौथी सायकल झाली, ती पार पडेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं.

सुवासिक जेल आणि पानाफुलांची बाटली दोन्ही बाद केल्या. आता ८० टक्के इथेनॉल आणि ग्लिसरीन असलेला, रंग-वास नसलेला, पाण्यासारखा पातळ हॅन्ड रब आणलाय. लावताना अल्कोहोलचा वास येतो, पण हात सुकले की तो गेलेला असतो. बाटली एकच, पलंगाशी. दाराशी मी चिठ्ठी लावलीय, 'बेसिन उजवीकडे'. येणारे साबणाने धुऊनच आत येतात.

पहिले चार दिवस फार अवघड गेले. साबणाने धुतल्यावर हात आपोआप बाटलीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे तेव्हा छातीत धडधडायचं. आपण काहीतरी चुकतोय, आणि त्याची किंमत बाबा मोजतील, असं वाटत राहायचं. मावशी, तुमचं ते 'हात बरे होणं हा त्यांच्याच उपचाराचा भाग' वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजला लावलं. दहाव्या दिवशी रक्त येणं थांबलं. आता फक्त अंगठ्यापाशी एक रेघ उरलीय. परवा पुन्हा मोजलं. सॅनिटायझर १८ वेळा, साबण ९ वेळा.

हातमोज्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. पहिल्या तीन सायकलना मी नुसतं सॅनिटायझर लावून युरिन पॉट रिकामा करत होते. या वेळी आधीच रुग्णालयात विचारलं, त्यांनीही ४८ तास आणि साबण-पाणी हेच सांगितलं.

आणि बाबा. आता मी चोळायला लागले की ते पडल्या पडल्या आकडे मोजतात, मोठ्याने, वीसपर्यंत. सोळा-सतराला मी थांबायला लागले तर "अजून" म्हणतात. वीस झाले की हात पुढे करतात.

एकच विचारायचं राहिलंय. पुढच्या आठवड्यात माझी बहीण येतेय, तिची मुलगी तीन वर्षांची आहे. पलंगाशी बाटली तशीच ठेवू का?

जुनी सिस्टर

नको. तेवढे दिवस उंच फळीवर ठेव, तुझ्या हाताला येईल आणि तिच्या येणार नाही अशी. लहान मुलांनी घोटभर गिळलं तरी दारू चढल्यासारखं होतं आणि रक्तातली साखर घसरते. खालच्या उंचीवरच्या बाटलीचा पंप दाबताना थेट डोळ्यात उडतं, ते तर फारच वाईट. उडालंच तर लगेच साध्या पाण्याखाली डोळा भरपूर वेळ धुवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. देवाची समई, गॅस, काडेपेटी यांच्याजवळही बाटली नको, आणि हात पूर्ण सुकल्याशिवाय काडी ओढायची नाही.

मुलीला सर्दी-खोकला नसेल तरच बाबांजवळ सोड. तिचे हात साबणाने धुऊन दे, तिच्या वयाला तेच बरं. आणि आकडे तिलाही मोजू दे त्यांच्याबरोबर.

प्रयोगवही

अबोलीताई, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, आणि झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावा. अल्कोहोल उडत राहिलं तर ८० चे ८० राहत नाहीत. संपत आलेल्या बाटलीत नवीन ओतू नका, सरळ नवी उघडा.